आधी काय, नंतर काय

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर, महाप्रसादाच्या आधी मला अर्धा तास दिलात, त्याबद्दल आभार. गुडघे, साखर आणि रक्तदाब यांवर या सभागृहात पुष्कळ बोलून झालं आहे. आज समितीने मला वेगळा विषय दिला आहे. घरातलं तरुण मूल एकाएकी विपरीत बोलू लागतं, नसलेले आवाज ऐकतं, आईबापांवरच संशय घेतं, आणि रात्री-अपरात्री त्याला इमर्जन्सी रूममध्ये न्यावं लागतं. तिथे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा: हे नशेमुळे झालं, की हा मनाचा मूळचाच आजार आहे?

मी निवृत्त होईपर्यंत इमर्जन्सी विभागात काम केलं. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी काढता येतो, पडलेल्या माणसाचा एक्स-रे काढता येतो. या प्रश्नाला असा एक्स-रे नाही. मग हा विषय ज्येष्ठांपुढे कशाला, असं काहींना वाटत असेल. कारण सरळ आहे. या प्रश्नाचं निम्मं उत्तर घरात असतं, आणि दिवसभर घरात असता तुम्ही. आईवडील कामावर असतात. नातू किती वाजता झोपतो, जेवतो की नाही, खोलीत एकटाच कुणाशी बोलतो, हे आजीला माहीत असतं. पण इमर्जन्सी रूममध्ये आजीला कुणी विचारत नाही, आणि आजी आपणहून सांगत नाही. आजचं माझं बोलणं एवढ्यासाठीच आहे.

सायकोसिस म्हणजे काय

सायकोसिस हे एका आजाराचं नाव नाही. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसंच हे. माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटतो. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेल्या गोष्टी दिसतात. त्यांना आपण भास म्हणतो. शेजारी माझ्यावर पाळत ठेवतो, फोनमधून माझे विचार चोरले जातात, अशी कुणी कितीही समजावलं तरी न हलणारी खात्री होते, तो भ्रम. बोलण्यातली संगती जाते.

याची कारणं ढोबळमानाने तीन. पहिलं, शरीराचा आजार: मेंदूचा ताप, रक्तातली साखर घसरणं, डोक्याला मार, फिट येणं, थायरॉइडचा बिघाड. दुसरं, पोटात किंवा फुप्फुसात गेलेला पदार्थ, किंवा रोजचा पदार्थ अचानक बंद होणं. तिसरं, मनाचे मूळ आजार: स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य. तुमच्यापैकी अनेकांनी 2004 सालचा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट पाहिला असेल. त्यात दाखवलेला स्किझोफ्रेनिया हा या तिसऱ्या गटातला.

इमर्जन्सी डॉक्टर या तिन्हींचा विचार याच क्रमाने करतो. पहिलं कारण चुकलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून आधी शरीर. डॉक्टर नाडी, ताप, साखर का बघत बसले, आमच्या मुलाच्या डोक्याचं काय, असं घरच्यांना वाटतं. पण ते तपासणं डोक्यासाठीच असतं.

दोन मुलं

मी दोन मुलांची उदाहरणं देते. ही कुणी खरी मुलं नाहीत; अनेक वर्षांत पाहिलेल्या अनेकांवरून बेतलेली आहेत.

दोघंही एकोणीस वर्षांचे. दोघांनाही शुक्रवारी रात्री आणलं. दोघंही म्हणतात, कॉलेजातली मुलं मला मारायला टपली आहेत. दोघांच्याही लघवीच्या तपासणीत गांजा सापडला. कागदावर दोघं सारखेच.

पहिल्याच्या घरी विचारलं. गेल्या आठवड्यापर्यंत परीक्षा देत होता, मित्रांत होता, बुधवारी बहिणीच्या वाढदिवसाला गाणी म्हणाला. गुरुवारपासून मित्राकडे दोन दिवस जागरण, आणि तिथे व्हेप पेनमधून तीव्र गांजाचा अर्क भरपूर ओढला. शुक्रवारी दुपारी संशय सुरू झाला.

दुसऱ्याच्या घरी विचारलं. आई म्हणाली, कालपर्यंत ठीक होता. आजी कोपऱ्यात बसली होती. तिला विचारल्यावर ती म्हणाली, “ठीक कसला? दिवाळीपासून माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. खिडकीचे पडदे ओढून घेतो. आंघोळीला दहा वेळा सांगावं लागतं. रात्री एकटाच हसतो.” दिवाळीपासून म्हणजे सहा महिने. आणि गांजा? तो धाकट्या भावाने सांगितला: दोन महिन्यांपासून, “झोप येत नाही म्हणून”.

म्हणजे पहिल्याचा पदार्थ आधी आणि त्रास नंतर. दुसऱ्याचा त्रास आधी आणि पदार्थ नंतर. पहिल्याचा सायकोसिस नशेमुळे असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्याच्या बाबतीत मूळचा आजार हळूहळू सुरू होता आणि गांजाने त्यात तेल ओतलं, असं मानायला जागा आहे. हा फरक लघवीच्या तपासणीने सांगितला नाही. आजीच्या “दिवाळीपासून” या एका शब्दाने सांगितला.

आपल्याकडे तारखा लक्षात ठेवण्याची चांगली रीत आहे. गणपतीच्या आधी, पितृपक्षात, संक्रांतीला. डॉक्टरांना अशीच तारीख हवी असते. “बरेच दिवस झाले” याचा उपयोग होत नाही.

तपासणी काय सांगते, काय सांगत नाही

लघवीची तपासणी म्हणजे अंतिम निकाल, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभरही सापडू शकतो. त्यामुळे तपासणीत सापडला म्हणजे आजचा त्रास त्यानेच झाला, असं ठरत नाही. उलट, प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम गांजासारखे पदार्थ, एलएसडी आणि इतर अनेक गोष्टी नेहमीच्या तपासणीत दिसतच नाहीत. म्हणजे तपासणी कोरी आली तरी नशा नव्हती असं म्हणता येत नाही. शिवाय सर्दी-खोकल्याच्या काही साध्या औषधांनीही तपासणी चुकीची सापडल्यासारखी येते. म्हणून तपासणी हा पुराव्याचा एक तुकडा आहे, एवढंच.

रुग्णाचं शरीर मात्र बरंच बोलतं. कोकेन किंवा मेथसारख्या उत्तेजक पदार्थांत नाडी धावते, रक्तदाब चढतो, घाम फुटतो, बाहुल्या मोठ्या होतात; कातडीखाली किडे फिरतात असं वाटून माणूस अंग खाजवून रक्त काढतो. धोतऱ्याचं उदाहरण तुम्हाला चटकन कळेल. महादेवाला वाहतो तो धोतरा पोटात गेला तर बाहुल्या मोठ्या होतात, तोंडाला कोरड पडते, अंग तापतं पण घाम येत नाही, आणि माणूस हवेतल्या नसलेल्या वस्तू वेचत बसतो. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही साध्या गोळ्या जास्त घेतल्या तर अगदी हेच चित्र दिसतं.

दारूचं उलटं आहे. रोज पिणारा माणूस अचानक थांबला, की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हात थरथरतात, घाम येतो, भिंतीवर प्राणी दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. ऑपरेशनसाठी किंवा भारतातून मुलाकडे आल्यावर लाजेखातर दारू बंद केलेल्या माणसाला हे होऊ शकतं. यात जीवाला धोका असतो. घरच्यांनी “ते घेतात, पण थोडीच” असं म्हणून विषय टाळला, तर डॉक्टर भलत्याच दिशेला जातो.

मूळच्या मानसिक आजारात साधारणपणे माणूस शुद्धीवर असतो. त्याला वार माहीत असतो, जागा माहीत असते, समोरचा माणूस ओळखू येतो. आवाज मात्र ऐकू येतात. नशेत किंवा शारीरिक आजारात पुष्कळदा शुद्धच गढूळ होते, लक्ष टिकत नाही, आणि दिसण्याचे व स्पर्शाचे भास जास्त असतात. या खुणा उपयोगाच्या आहेत, पण त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. गांजातही आवाज ऐकू येतात, आणि स्किझोफ्रेनियातही दृश्यं दिसतात.

वयाचंही असंच. स्किझोफ्रेनियाची सुरुवात मुलांमध्ये साधारण विशीच्या आगेमागे होते, मुलींमध्ये पुष्कळदा त्यानंतर काही वर्षांनी. गांजाची ओळख होण्याचं वयही नेमकं तेच. म्हणून गोंधळ वाढतो.

हा गोंधळ जुनाच आहे

हा गोंधळ आजच्या अमेरिकेतला आहे असं समजू नका. इंग्रज सरकारने 1893 साली गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन त्याचं नाव. आयोगाने देशभर, मुंबई इलाख्यातही, साक्षी घेतल्या. साक्षीदार हजाराहून जास्त होते. हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांच्या दफ्तरात अनेक रुग्णांपुढे वेडाचं कारण म्हणून गांजा लिहिलेला होता. आयोगाने 1892 सालचे असे 222 रुग्ण घेतले आणि प्रत्येकाचे कागद पुन्हा तपासले, शक्य तिथे घरच्यांकडे चौकशी केली. निम्म्याहून कमी लोकांच्या बाबतीत ते कारण टिकलं. मग आधी ते लिहिलं कुणी? रुग्णाला इस्पितळात पाठवताना पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत एक फॉर्म भरत. त्यात कारणाचा रकाना असे. माणूस गांजा ओढतो असं कळलं की तेच कारण म्हणून लिहून मोकळं होणं सोयीचं पडे.

सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, रकाना अजून आहे. तो घाईने भरू नये, हा त्या आयोगाचा धडा आजही खरा आहे.

पण त्याची दुसरी बाजूही ऐका. त्या काळचा गांजा आणि आजचा गांजा एक नव्हे. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या गांजाच्या नमुन्यांत टीएचसी हा नशा आणणारा घटक 1995 साली सुमारे 4 टक्के होता. 2014 साली तो सुमारे 12 टक्के झाला. व्हेप पेनमधल्या अर्कात तो याच्या कितीतरी पट असतो. आपल्या न्यू जर्सीत एप्रिल 2022 पासून एकवीस वर्षांवरील माणसाला तो दुकानात मिळतो. आपल्या लहानपणी गावाकडे बैरागी ओढत त्याच्याशी तुलना करून “एवढं काय त्यात” म्हणू नका, आणि नातवाच्या खिशात एक पुडी सापडली म्हणून तो वेडा होणार असंही धरू नका. ओढणाऱ्या बहुतेकांना सायकोसिस होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्याकडे मात्र नीट बघावं लागतं.

“नशेचंच होतं” हा दिलासा खरा आहे का

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येते. रात्री तीन वाजता डॉक्टर म्हणतो, बहुधा नशेमुळे झालं आहे. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. “सुटलो. स्किझोफ्रेनिया नाही. पोरगं मित्रांच्या नादी लागलं होतं, आता लक्ष ठेवू.” दोन दिवसांत मुलगा शांत होतो, पुढची अपॉइंटमेंट कुणी घेत नाही, आणि ही गोष्ट घरात पुन्हा कुणी काढत नाही. पुढे लग्न जमवायचं आहे, व्हिसाचे कागद आहेत, चार लोकांत नाव आहे.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची आरोग्य-नोंद असते. तिथल्या संशोधकांनी 1994 ते 2014 या काळात नशेमुळे झालेला सायकोसिस असं निदान झालेल्या 6,788 लोकांचा पुढचा प्रवास पाहिला. त्यांतल्या सुमारे 32 टक्के लोकांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरच्या गटातल्या आजाराचं निदान होईल असा हिशेब निघाला. गांजामुळे झालेल्या सायकोसिसात हे प्रमाण सुमारे 47 टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मे. ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला त्यांतल्या निम्म्या लोकांचं निदान साधारण तीन वर्षांच्या आत झालं.

हे आकडे नीट समजून घ्या. गांजा ओढणाऱ्या निम्म्या लोकांना स्किझोफ्रेनिया होतो असा याचा अर्थ अजिबात नाही. हे आकडे ज्यांना सायकोसिस होऊन वैद्यकीय निदानापर्यंत वेळ आली त्यांचे आहेत. आणि गांजानेच आजार निर्माण केला की आजाराची घडण आधीच होती आणि गांजाने ती उघडी केली, हे एका रुग्णाच्या बाबतीत छातीठोकपणे सांगता येत नाही. पण तुमच्या-माझ्यासाठी निष्कर्ष एकच. “नशेचं होतं” हे पहिल्या रात्रीचं निदान म्हणजे सुटका नव्हे. तो पुढे लक्ष ठेवण्याचा निरोप आहे.

डॉक्टरांच्या हातात एक साधा नियम आहे: पदार्थ पूर्ण बंद झाल्यावर काय होतं ते बघा. अंमल उतरला की काही तासांत किंवा दिवसांत त्रास ओसरला, तर नशेकडे बोट जातं. पूर्ण बंद करूनही सुमारे महिनाभर भास-भ्रम टिकले, तर मूळच्या आजाराचा विचार करावा लागतो. म्हणजे इमर्जन्सी रूममध्ये पुष्कळदा खरं उत्तर “अजून सांगता येत नाही” हेच असतं. डॉक्टर असं म्हणाला तर त्याला अडाणी समजू नका. तो प्रामाणिक आहे. त्याने “सायकोसिस, कारण अनिश्चित” असं लिहिलं तर ते घाईने लिहिलेल्या कुठल्याही नावापेक्षा चांगलं. पहिल्या रात्रीचे उपचार तसेही पुष्कळसे सारखेच असतात: शांत खोली, कमी उजेड, गरज पडली तर शांत करणारं औषध, आणि सुरक्षितता.

दुसऱ्या टोकाची भीतीही तेवढीच घातक. “स्किझोफ्रेनिया” हा शब्द ऐकला की घर असं वागतं जणू मूल गेलंच. तसं नाही. लवकर उपचार मिळाले तर पुष्कळ मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. अमेरिकेत पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या 404 लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, रेझ नावाचा. उपचार सुरू होण्याआधी गेलेला काळ मोजला तेव्हा त्यातल्या निम्म्या लोकांचे 74 आठवड्यांहून जास्त गेलेले होते. दीड वर्ष! आणि ज्यांचा हा काळ कमी होता त्यांना समग्र उपचारांचा फायदा जास्त झाला. हे दीड वर्ष कुठे जातं? लपवण्यात, वाट बघण्यात, “लग्न झालं की ठीक होईल” म्हणण्यात. पहिल्या सायकोसिससाठी औषध, समुपदेशन, शिक्षण-नोकरीची मदत आणि कुटुंबाचं मार्गदर्शन एकत्र देणारी पथकं आपल्या राज्यातही आहेत. हॉस्पिटलातून निघताना त्यांच्याबद्दल विचारा आणि पुढची तारीख हातात घेऊनच घरी या.

आपल्या वयाचं काय

हे सगळं नातवंडांचंच आहे असं समजून निवांत बसू नका. साठी-सत्तरीत पहिल्यांदाच कुणाला भास झाले, तर आधी शरीर आणि औषधं तपासायची. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, न्यूमोनिया, दम्यासाठी दिलेला स्टेरॉइडचा मोठा डोस, आणि ज्यांच्या नावापुढे ‘पीएम’ असतं त्या बिनचिठ्ठीच्या झोपेच्या गोळ्या. काल बऱ्या असलेल्या आजी आज संध्याकाळी भिंतीवर मुंग्या दाखवू लागल्या, मध्येच पेंगू लागल्या, तर ते वेड नाही आणि म्हातारपणही नाही. ती इमर्जन्सी आहे, आणि पुष्कळदा पूर्ण बरी होणारी आहे.

आणखी एक. गुडघ्यांसाठी म्हणून गांजाच्या गमी हल्ली आपल्या वयाच्या घरांतही आल्या आहेत. गमीचा अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात. काही होत नाही म्हणून माणूस दुसरी खातो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. घरात असतील तर मिठाईच्या डब्याशेजारी ठेवू नका. कुलपात ठेवा. कुणी घाबरून, बडबडत हॉस्पिटलात गेलं तर गमीचं पाकीट सोबत न्या.

त्या रात्री काय करायचं

कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं तर 911. फोनवर स्पष्ट सांगा की ही मानसिक आरोग्याची इमर्जन्सी आहे, हातात शस्त्र आहे की नाही ते सांगा, आणि अशा प्रसंगाचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवा अशी विनंती करा. जीवाला तातडीचा धोका नसेल आणि सल्ला हवा असेल तर 988. हा क्रमांक जुलै 2022 पासून देशभर चोवीस तास चालतो. भ्रम झालेल्या माणसाशी वाद घालू नका. “असं काही नाहीये” म्हटल्याने भ्रम जात नाही. “तुला भीती वाटते आहे, मी आहे इथे” एवढं पुरे.

हॉस्पिटलात चार गोष्टी सांगा. एक, बदल कधीपासून. झोप, जेवण, आंघोळ, अभ्यास, मित्र, यांपैकी आधी काय बिघडलं. दोन, काय घेतो, किती, शेवटचं कधी. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, पण “आमचा मुलगा तसला नाही” म्हणू नका. तीन, आधी कधी असं झालं होतं का, आणि नशा पूर्ण बंद असताना झालं होतं का. चार, रक्ताच्या नात्यात कुणाला असा आजार होता का. ही चौथी गोष्ट आपण सगळ्यात जास्त लपवतो. गावाकडचे एक काका “विरक्त झाले” किंवा मामी “देवीच्या अंगात येण्याने” माहेरी राहिली, असं आपण सांगत आलो. डॉक्टरला ते साध्या शब्दांत सांगा.

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या बाटल्या, भारतातून आणलेली चूर्णं आणि काढेसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. प्रौढ मुलाच्या संमतीशिवाय डॉक्टर तुम्हाला त्याची माहिती सांगणार नाही कदाचित. पण तुम्ही दिलेली माहिती ऐकायला कायद्याची आडकाठी नाही. उपचारासाठी सांगितलेली गोष्ट गोपनीय असते. नशा केली म्हणून डॉक्टर पोलिसांना किंवा इमिग्रेशनला फोन करत बसत नाही. आणि इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागा. तो हॉस्पिटलने विनामूल्य द्यायचा असतो, फोनवर मराठीही मिळतो. बारा वर्षांच्या नातीला मध्ये घालून असल्या गोष्टी सांगू नका.

हे मंदिर आहे, म्हणून एक शब्द श्रद्धेबद्दल. बाहेरची बाधा असेल म्हणून कुणी अंगारा लावला, जप केला, तर डॉक्टर म्हणून माझं त्याला काही म्हणणं नाही. घाबरलेल्या घराला त्याने धीर येतो. पण जप गाडीत बसून हॉस्पिटलच्या वाटेवरही करता येतो. त्यापायी एक रात्रही घालवू नका. आणि औषध सुरू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून ते आपलं आपण थांबवू नका.

एक आवाहन

महाराष्ट्रात या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी दोन छान शब्द रूढ केले आहेत. रुग्णाला ते शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. आपल्या कल्याण समितीला शुभंकर हवे आहेत. रात्री हॉस्पिटलात एखाद्या घराबरोबर बसणारे. अपॉइंटमेंटला गाडीने नेणारे. इन्शुरन्सचे कागद समजावून सांगणारे. आणि ज्या आजी-आजोबांना इंग्रजीची भीती वाटते त्यांच्या शेजारी उभं राहून “तुम्ही सांगा, ते दुभाष्याकडून विचारतील” असं म्हणणारे. डॉक्टर असण्याची गरज नाही. ऐकलेलं पोटात ठेवता येणं मात्र हवंच. मंदिराच्या कार्यालयात वही ठेवली आहे, तीत नाव लिहा. ज्यांना येणं-जाणं जमत नाही त्यांनी कल्याण निधीच्या पेटीत यथाशक्ती भर घालावी. नोकरी आणि त्याबरोबर इन्शुरन्स गेलेल्या घराला औषधाचा खर्चही जड होतो.

ज्यांच्या घरात हे घडलं आहे त्यांनी वहीत काही लिहायचं नाही. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी, आरतीनंतर तासभर मागच्या खोलीत बसते. दार लोटून घ्या, बसा, आणि आधी काय झालं, नंतर काय झालं, ते तुमच्या भाषेत सांगा.

चला, पानं वाढली आहेत.